ओयामेलच्या रानातली खिडकी

शिक्क्याचा हातोडा चर्चमधल्या पेटीत, सान इसिद्रो या संताच्या मूर्तीच्या पायाशी ठेवायचा, अशी त्या गावाची रीत होती. रान सगळ्या गावाचं, हातोडाही गावाचा, आणि तो चालवणारा माणूस गावसभेनं हात वर करून निवडलेला. गेली कित्येक वर्षं तो माणूस सिल्वेरिओ होता. कुऱ्हाडीनं झाडाचा एक टवका बुंध्याशी काढायचा, एक छातीच्या उंचीला, आणि उघड्या पडलेल्या ओल्या लाकडावर हातोड्याचा दणका द्यायचा. गावाचा शिक्का उमटायचा. एकदा शिक्का बसला की गावाच्या लेखी ते झाड मेलेलं. मग ते हिरवंगार उभं असो, त्यावर खारी पळत असोत, त्याला कुणी झाड म्हणत नसे. दिलेला शिक्का मागं घेतल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

त्या वर्षी पाऊस रुसला आणि ओयामेलच्या, म्हणजे डोंगरावरच्या सूचिपर्णी झाडांना सालीतला भुंगा लागला. डोंगरउतारावर मधेच एखादं झाड तांबूस पडायचं, मग शेजारचं. सरकारी कचेरीनं किडकी झाडं तेवढी तोडायची परवानगी दिली. तोडली की साल सोलून तिथंच जाळायची, म्हणजे भुंगा आतल्या आत मरतो, हा नियम. ऑक्टोबरात, उत्तरेकडून फुलपाखरं यायच्या आधी, हे काम उरकायचं होतं.

सिल्वेरिओबरोबर एके दिवशी गावसभेचा अध्यक्ष एवारिस्तो रानात आला. एवारिस्तोनं सिल्वेरिओच्या लेकीला बाप्तिस्म्याला हातावर घेतलं होतं, तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. फुलपाखरं दरवर्षी ज्या घळीत बसत, तिच्या दक्षिण अंगाला एवारिस्तो थांबला आणि टोपी मागं सारून वर बघत राहिला.

"ह्यी बगा कोंपाद्रे."

"बगितली. चांगली हिरवीगार हाईत."

"त्येच म्हन्तोय म्या. लईच हिरवीगार हाईत. उन्हाचा कवडसा खाली पडू देत न्हाईत."

एवारिस्तोचं म्हणणं खोटं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात पाहुणे घोड्यावरून वर यायचे, घळीत थंडीनं काकडत उभे राहायचे, आणि वाळक्या पाल्यासारखे लटकलेले तपकिरी घोस बघून परत फिरायचे. ऊन लागल्याशिवाय फुलपाखरू पंख उघडत नाही. पलीकडच्या गावात ऊन पडायचं, तिथं सगळं आभाळ नारिंगी व्हायचं, म्हणून पाहुणे तिकडं वळले होते.

"पाव्हना काय वटवाघळं बघाय येतोय?" एवारिस्तो म्हणाला. "ह्या अंगाची थोडी झाडं काढू. एक खिडकी पाडायची नुसती. ऊन आत यील, पाखरं उठतील."

"किडकी न्हाईत ह्यी."

"किडकी कंची, ते तुमचा हातोडा सांगतोय. मी कोन सांगनार?"

"थंडी बी शिरंल की आत. वारं शिरंल."

"घराला खिडकी केली म्हून कुनी मेलंय का?" एवारिस्तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "निएवेस जातीय म्हनं नवऱ्याला घिऊन. उत्तरंला, स्ट्रॉबेरी तोडाय."

सिल्वेरिओचे दोन मुलगे आधीच सरहद्दीपलीकडं गेले होते. थोरल्याचा नाताळला फोन यायचा. धाकट्याचा यायचा बंद झाला होता, आणि त्या घरात आता त्याचं नाव काढत नसत. राहिली होती ती निएवेस. हंगामात ती वाटेच्या तोंडाशी चूल मांडून पाहुण्यांना निळ्या मक्याच्या तोर्तिया आणि आळंबीचं कालवण करून घालायची. तिचा नवरा एलिसेओ घोडा हाकायचा. आदल्या हंगामात चूल निम्मे दिवस थंड राहिली आणि घोड्याची पाळी आठवड्यात एकदा आली.

"पाव्हनं आलं तर पोरगी कशाला जातीय?" एवारिस्तो म्हणाला. "मला बी ती लेकीवानीच हाय."

सिल्वेरिओनं कुऱ्हाड उचलली. पहिल्या झाडाचा टवका निघाला तसा आतून पांढराफेक ओला गाभा दिसला, चिकाचा घमघमाट सुटला. भुंग्याचं एक भोक नव्हतं. त्याला वाईट वाटलं. नाही असं नाही. पण लेकीचा चेहरा डोळ्यांपुढं होता, आणि झाडाला चेहरा नसतो. त्यानं हातोडा हाणला. पुढची झाडं सोपी गेली.

घरी आला तेव्हा त्याची बायको चोना तव्यावर तोर्तिया टाकत होती. तिनं त्याच्या सदऱ्याचा वास घेतला.

"म्हाताऱ्या, आज कंची झाडं मारलीस?"

"मारायची व्हती ती."

"किडक्या झाडाला असला वास येत न्हाई. त्ये वाळल्यालं असतंय."

"तुजी तोर्तिया करपायलीय."

चोनानं तोर्तिया उलटली. ताट मात्र त्याच्यापुढं जरा आदळूनच ठेवलं.

मशीनच्या करवती चालल्या, साली सोलल्या, जाळल्या, राख पावसानं वाहून गेली. ओंडके गिरणीत गेले. नोव्हेंबरात फुलपाखरं आली ती नेहमीच्याच घळीत उतरली आणि फांद्या त्यांच्या भारानं वाकल्या. सकाळी ऊन खिडकीतून आत पडलं की एका अंगाचे घोस थरथरायचे, उकलायचे, आणि हजारो पंखांची सळसळ ऐकू यायची. पाहुणे तोंडावर हात ठेवून उभे राहायचे. कुणी रडायचे. रडणारा पाहुणा दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन यायचा.

एवारिस्तो घळीच्या तोंडाशी चर्चमधल्या पाद्र्याच्या थाटात उभा राहू लागला. घोड्यांना रोज पाळी मिळाली. निएवेसची चूल सकाळपासून पेटलेली असायची, आणि हाताखाली दोन बाया ठेवूनही तिला जेवायला सवड नसायची. स्ट्रॉबेरीची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही. नाताळात एलिसेओनं घराच्या मागं एका खोलीचा पाया खणायला घेतला, आणि सिल्वेरिओ त्याच्या बरोबरीनं दगड वाहू लागला.

"मामा, तुमी बसा. कंबर धरंल."

"धरू दे. खोलीला दार पूर्वेकडं ठिव."

त्या दिवसांत सिल्वेरिओ रात्री चांगला झोपत असे. चोना मात्र कधी घळीत गेली नाही. बायका विचारायच्या, "चोना, एवढं जग येतंय, तू बघाय येत न्हाईस?" ती म्हणायची, "माजं गुडघं दुखत्यात." गुडघे दुखत नव्हते.

फेब्रुवारी सरताना पाऊस आला. अवेळी, बारीक, न थांबणारा. त्यात गारठा. पाहुणे फिरकले नाहीत, चूल विझली, घोडे ओल्या पाठीनं गोठ्यात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पावसात बर्फ मिसळलं. डोंगरावरून वारं सुटलं आणि घरांच्या पत्र्यांखालून शिट्ट्या मारत गेलं. मग संध्याकाळी एकाएकी आभाळ निवळलं. चांदण्या टिपून घ्याव्यात अशा स्वच्छ पडल्या.

सिल्वेरिओ दारात उभा राहून ते निरभ्र आभाळ बघत होता. ढग असते तर रात्र सोसण्यासारखी गेली असती. ओलं पाखरू आणि उघडं आभाळ यांचं जमत नाही, हे त्या गावात पोरांनाही ठाऊक असतं.

"झोप आता," चोना म्हणाली. "बगून काय ऊब देनार हाईस का त्यांला?"

सकाळी पाण्याच्या पिंपावर जाड बर्फ होतं. एलिसेओ घोडा घेऊन पुढं गेला, मागून सिल्वेरिओ आणि निएवेस. घळीच्या तोंडाशी घोडा अडला. एलिसेओनं लगाम ओढला, टाच मारली, शिवी दिली. घोडा पाय टाकीना. त्याच्या पुढं जमीन दिसत नव्हती. घोट्यापर्यंत फुलपाखरांचा थर पडला होता. नारिंगी, काळा, ओला. वर फांद्या मोकळ्या झाल्या होत्या.

खिडकीच्या अंगाला सगळ्यांत जाड थर होता. घळीच्या आत, जिथं झाडं दाट होती, तिथं घोस अजून लटकत होते. रेघ मारल्यासारखा फरक दिसत होता, आणि तो सिल्वेरिओला दिसला तसाच एलिसेओलाही दिसला. एलिसेओनं सासऱ्याकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं केली. त्या झाडांवर करवत त्यानंच चालवली होती.

दुपारपर्यंत एवारिस्तोनं गाव गोळा केलं. त्या गावात सामायिक कामाला घरटी एक माणूस यावाच लागतो, नाही आला तर घोड्याची पाळी जाते. माणसं फावडी, खराटे, बटाट्याची पोती घेऊन आली.

"रविवारी पाव्हनं येत्याली," एवारिस्तो म्हणाला. "वाट साफ पायजे. वढ्यात टाका समदं. आतली जिती हाईत ती दावू."

माणसं कामाला लागली. फावड्यानं उचलायचं, पोत्यात भरायचं, ओढ्याच्या काठाशी ओतायचं. ओल्या पंखांचा लगदा फावड्याला चिकटायचा, मग तो पायानं निपटावा लागायचा. जरा ऊन चढलं तसे ढीग हलू लागले. वरच्या मेलेल्यांखाली काही जिवंत होती. ऊब लागून पाय हलवत होती, एखादं पंख उघडत होतं, पण चिकटल्यामुळं उडू शकत नव्हतं.

निएवेसनं फावडं टाकलं आणि गुडघ्यांवर बसली. ढिगातून एकेक जिवंत उचलून ती आपल्या ओच्यात ठेवू लागली. तिचं बघून बाकीच्या बायाही बसल्या.

"आगं असं बसला तर रविवार काय, ईस्टर यील," एवारिस्तो म्हणाला. "हात चालवा."

"पाद्रिनो, ह्यी जिती हाईत," ती आपल्या धर्मपित्याला म्हणाली.

"कितीशी वेचशील, बाई?"

तिनं वर बघितलं नाही. ओचा भरला की ती उन्हातल्या दगडावर तो रिकामा करून यायची. संध्याकाळी दगडावरची काही उडाली. बरीचशी तिथंच राहिली, आणि मग ऊन गेलं.

परत येताना निएवेस बापाच्या बरोबरीनं चालत होती. तिच्या हातांना पिवळी भुकटी लागली होती.

"आपा, ती झाडं किडकी व्हती ना?"

सिल्वेरिओ चार पावलं चालला.

"व्हती," तो म्हणाला.

मार्चमध्ये उरलेली फुलपाखरं उत्तरेला निघून गेली, आणि मग कचेरीची माणसं आली. बरोबर रानाचं शिक्षण घेतलेली एक इंजिनिअरबाई होती. चिखलाचे बूट, पाठीवर पिशवी, बोलणं हळू. ती दोन दिवस घळीत फिरली. तोडलेले बुंधे बघितले. सगळ्या बुंध्यांवर शिक्का होता, आणि साल एकावरही नव्हती, कारण साल नियमाप्रमाणं जाळलेली. झाड किडकं होतं की धडधाकट, हे आता बुंधा सांगू शकत नव्हता. ते सांगू शकणारा एकच माणूस होता.

चर्चच्या अंगणात गावसभा बसली. बाईनं सिल्वेरिओला पुढं बोलावलं.

"काका, घळीच्या कडेच्या उभ्या झाडांना मला भुंग्याची ताजी भोकं दिसली. थोडीच आहेत. म्हणून एक गोष्ट नीट आठवून सांगा. त्या मोकळ्या जागेतल्या झाडांवर तुम्ही शिक्का मारला, तेव्हा त्यांना भुंगा लागला होता?"

ओल्या बुंध्यांच्या चिकाचा वास भुंग्याला लांबून ओढून आणतो, हे सिल्वेरिओला माहीत होतं. भुंगा आता आला होता, त्यांनी बोलावला म्हणून आला होता. त्यानं एवारिस्तोकडं बघितलं. एवारिस्तो टोपीची कड गोल फिरवत होता. मागं भिंतीशी निएवेस आणि एलिसेओ उभे होते. हिरवी झाडं मारली असं तोंडातून गेलं, तर गावाची पाहुण्यांची परवानगी जाणार, घोडे गोठ्यात राहणार, जावयावर करवतीचा गुन्हा येणार. खोलीच्या भिंती नुकत्या छातीपर्यंत आल्या होत्या.

"लागला व्हता," सिल्वेरिओ म्हणाला. "समद्यांला."

अंगणात लोकांनी श्वास सोडला. एवारिस्तोनं टोपी डोक्यावर घातली.

बाई मात्र खाली बघत राहिली. "मग माझा अंदाज चुकला," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, भुंगा आत्ताच आलाय, कडेची मोजकी झाडं काढली की भागेल. पण ऑक्टोबरातच एवढ्या झाडांना लागला असेल, तर तो आत्तापर्यंत सगळ्या घळीत गेला असणार. वरून दिसत नाही, पण सालीखाली असेल. कड्यापर्यंत सगळं काढावं लागेल. नाहीतर पुढचा डोंगर जाईल."

"समदं म्हंजे?" कुणीतरी विचारलं.

"घळ सगळी. मलाही बरं वाटत नाही. काका, तुमची खात्री आहे ना?"

अजून वेळ होता. सिल्वेरिओचं तोंड उघडलंही. पण सगळं गाव त्याच्या पाठीकडं बघतंय हे त्याला पाठीनंच कळलं. त्यानं नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली.

घरी चोनानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. "खाली जा," ती म्हणाली. "बाई रातच्याला पाद्रीबाबाकडं मुक्कामाला हाय. जाऊन सांग."

"आन् एलिसेओला न्हेलं म्हंजे?"

"तुला न्हेऊ देत की."

"आमा, गप बस," निएवेस दारातून म्हणाली. आईबापांचं सगळं तिनं ऐकलं होतं. "आपा, तुमी कुटं जाऊ नगा."

लेकीनं जाऊ नका म्हटलं, आणि सिल्वेरिओ गेला नाही. पुढं कधी त्याला स्वतःशी हिशेब मांडायची वेळ आली, तेव्हा तो हे वाक्य पुढं करायचा. पण ती म्हणाली नसती तरी तो गेला नसता, हे त्यालाही कळत होतं.

एप्रिलभर तो घळीत हातोडा हाणत होता. एकेक झाड माणसाच्या कवेत न मावणारं. टवका काढला की पांढरा गाभा, दणका दिला की शिक्का. मागून एलिसेओ करवत घेऊन यायचा. सासरा-जावई दिवसभरात एकमेकांशी बोलत नसत. करवतीच्या आवाजात बोलता येत नाही, हे निमित्त बरं होतं. सिल्वेरिओचा उजवा खांदा सुजला. चोना रात्री त्याला तेल चोळायची, जोरात, आणि तो कण्हला तरी थांबायची नाही. मे महिन्यात घळ उघडी पडली. गावातून वर बघितलं की जिथं काळंभोर रान असायचं तिथं तांबडी माती दिसायची. पहिल्याच पावसात ती ओढ्यात उतरली आणि पिण्याचं पाणी गढूळ झालं.

लाकूड संपलं तसं काम संपलं. घळीत झाडं नाहीत तिथं पाहुणे कशाला येणार? पलीकडच्या गावाला जाणाऱ्या गाड्या निएवेसच्या चुलीपुढून तशाच पुढं निघून गेल्या असत्या, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. एलिसेओनं घोडा विकला. सप्टेंबरात दोघं स्ट्रॉबेरीच्या शेतावर गेले. खोलीच्या भिंती छातीएवढ्याच राहिल्या आणि आत रानटी गवत माजलं.

जाताना निएवेसनं बापाच्या हाताचं चुंबन घेतलं. दोष दिला नाही. तो दिला असता तर सिल्वेरिओला बरं वाटलं असतं.

मग नोव्हेंबर आला. मृतांच्या सणाला चोनानं घरात झेंडूची आरास केली, पाव ठेवला, मीठ ठेवलं. दुपारी पोरं ओरडत आली, पाखरं आली म्हणून. सगळं गाव अंगणात निघालं. डोंगरावर ती आली होती, धुरासारखी लांबच लांब. उघड्या घळीवर ती फिरू लागली. खाली यायची, तांबड्या मातीला लागतील इतकी खाली, आणि पुन्हा वर जायची. ऊन कलेपर्यंत तशीच फिरत राहिली. गावातल्या म्हाताऱ्या रुमाल तोंडाला लावून बघत होत्या. मग वाऱ्याबरोबर ती कड्यापलीकडं गेली. तिकडं एवोकाडोच्या बागा होत्या, दाट रान नव्हतं. दुसऱ्या दिवशी आली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

त्या आठवड्यात निएवेसचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"आपा, जेवला?"

"जेवलो. तू?"

"हितं भातच असतोय रोज. आपा, हात समदं सोलाटल्यात बगा औषधानं. एलिसेओला रातच्याला खोकला येतोय." मग तिनं विचारलं, "आपा, पाखरं आली का?"

"आली."

"खरं? बसली कुटं?"

चोना चुलीशी होती. तिचे हात थांबले. सिल्वेरिओ दारातून दिसणाऱ्या तांबड्या उताराकडं बघत होता.

"हाईत की," तो म्हणाला. "नेहमीच्याच जागंला. वरल्या अंगाला थोडी झाडं ऱ्हायली व्हती, तितं."

"म्या एलिसेओला म्हनतच व्हते," निएवेसचा आवाज एकदम मोकळा झाला. ती रडत होती की हसत होती, कळेना. "म्हनलं, ती येत्यालीच. मग आमी नाताळाच्या आत येतो, आपा. पाद्रिनोला सांगा, माज्या चुलीची जागा कुनाला दिऊ नगा म्हनावं."

"सांगतो."

फोन ठेवला. चोनानं तव्यावरची तोर्तिया काढली, फडक्यात गुंडाळली, मग त्याच्याकडं वळली.

"आन् आल्यावर तिला काय दावनार हाईस?"

सिल्वेरिओनं खुर्ची ओढली आणि जेवायला बसला.

"आदी यिऊ तर दे," तो म्हणाला.